स्कॉटलंड: हायलंड्स आणि बेटं गाडीने, चौघं मित्र, आठवडाभर. सगळं बसवायचं की काही सोडायचं?

रानोमाळ
मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं कॉलेजचे मित्र स्कॉटलंडला निघालोय. तिघं पुण्याहून, चौथा रेडिंगला नोकरीला असतो, तो ग्लासगोत येऊन मिळेल. विमानतळावर गाडी घ्यायची, आठवडाभर हिंडायचं, तिथेच परत करायची. इथवर एकमत आहे. पुढे नाही.

एकाला एनसी५०० करायचंय, म्हणजे इन्व्हर्नेसहून निघून उत्तर टोकाला वळसा घालून परत इन्व्हर्नेस. दुसऱ्याने स्काय बेटाचे फोटो साठवून ठेवलेत. मला आउटर हेब्रिडीज, म्हणजे पश्चिमेची हॅरिस-लुईस वगैरे बेटं, खुणावतंय, त्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यांमुळे. चौथा म्हणतो कुठेही न्या, फक्त सकाळी आठच्या आत उठवू नका.

म्हणून सगळ्यांना खूश करणारा बेत आखलाय. ग्लासगो, ग्लेन्को, स्काय, तिथल्या उइगहून बोटीने हॅरिस, वर लुईसच्या स्टॉर्नोवेहून बोटीने परत मुख्य भूमीवर अलापूल, तिथून उत्तर किनारा धरून जॉन ओ'ग्रोट्स, इन्व्हर्नेस आणि परत. नकाशात दिवसाला चार-पाच तासांच्या वर ड्रायव्हिंग दिसत नाही. जाणकारांनी सांगा, बसतंय का? शिवाय आपलं लायसन्स तिकडे चालतं का, आणि एक मित्र पक्का शाकाहारी आहे, त्याचं काय करायचं?

नाममात्र
बसतं की. तुम्ही चौघं आठवडाभर गाडीत बसता, बेतही बसतो.

पिठलंभाकरी
शाकाहारी मित्राला पुण्यातच ठेवा. (जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.)

कुंपणावरची
रानोमाळ, मी ग्लासगोत राहते, आणि दर उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा हाच बेत खोडायचं काम माझ्याकडे असतं. तर खोडते.

नकाशातले तास इकडे खरे नसतात असं नाही, पण ते न थांबता जाणाऱ्याचे असतात. तुम्ही थांबणारच. ग्लासगोहून ए८२ ने निघालात की लॉख लोमंड या तळ्याच्या वरच्या अंगाला रस्ता पाणी आणि डोंगर यांच्यामध्ये दाबला जातो. समोरून बस आली की दोघं जपून जातात. मग रॅनक मूर लागतं, मैलोन्‌मैल ओसाड पाणथळ माळ, आणि त्याच्या टोकाला ग्लेन्को. तिथे चौघांपैकी एकजण तरी 'थांब थांब' ओरडणार, आणि पुढच्या थांब्यावर दुसरा. ग्लासगो ते पोर्ट्री कागदावर साधारण साडेपाच तास आहेत. सकाळी नऊला निघालेली माणसं मी संध्याकाळी सातच्या आत पोचलेली बघितली नाहीत.

त्यात बेटांवर आणि उत्तर किनाऱ्यावर कितीतरी रस्ते एकेरी रुंदीचे. ठरावीक अंतरावर पासिंग प्लेस, म्हणजे रस्त्याला काढलेलं पोट. ते डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर आपण डावीकडेच त्याच्यासमोर थांबायचं म्हणजे समोरचा त्यात जाऊन पुढे निघतो. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही तिथेच वाट द्यायची. तिथे गाडी उभी करून फोटो काढायचे नाहीत, एवढं चौघांनी पाठ करा. गावातल्या लोकांची कामं अडतात आणि ते चिडतात, रास्त चिडतात.

माझं मत: दोन मुक्काम, फार तर तीन. रोज बॅग भरायची म्हणजे सहल नव्हे, बदली झाली.

दगडफूल
कुंपणावरची +१.

पावशेर
मी उलट बाजू मांडतो. आम्ही मित्रांनी एनसी५०० केलं आणि पुन्हा करू. ५१६ मैल, म्हणजे साधारण ८३० किमी. २०१५ साली जुनेच रस्ते जोडून त्याला हे नाव दिलं आणि तेव्हापासून गर्दी वाढली हे खरंय. पण ज्यांना गाडी चालवणं हाच आनंद आहे त्यांना 'एका जागी बसा' सांगणं म्हणजे ट्रेकरला पायथ्याशी चहा पाजून परत पाठवणं. (आमच्यातला एक तर मुक्कामाला पोचल्यावर उदास व्हायचा.)

बेलाख ना बा हा घाटरस्ता करा. ६२६ मीटरपर्यंत चढतो, थेट समुद्रापासून. पायथ्यालाच पाटी आहे की नवशिके चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरव्हॅन यांनी जाऊ नये. वरच्या वळणांवर आपल्या घाटाची आठवण येते, फक्त वडापाव नाही आणि कठड्याचीही फारशी हमी नाही. वरून स्काय दिसतं. पलीकडे उतरलं की ॲपलक्रॉस. ढग असतील तर शील्डेगकडून किनाऱ्याकिनाऱ्याने लांबचा रस्ता आहे, तोही देखणा आहे.

आणि अलापूलच्या वर असिंट. सूल्व्हेन हा डोंगर फक्त ७३१ मीटर आहे, पण सपाट भूमीवर असा एकटा उभा आहे की बघतच राहावं. लॉख असिंटच्या काठावर आर्डव्रेक किल्ल्याचा पडका बुरूज, कायलेस्क्यूचा वळणदार पूल, अक्मेल्विकची वाळू. जॉन ओ'ग्रोट्स मात्र सोडा. तिथे एक पाटी आहे आणि तिच्यासमोर फोटोसाठी रांग.

नाममात्र
पावशेर, पाटीसमोर तुमचा फोटो आहे का?

पावशेर
आहे. चौघांचा. एकाचे डोळे मिटलेले.

मधली_सुट्टी
पासिंग प्लेसवरून आठवलं. ॲपलक्रॉसच्या पुढे एका वळणावर आमच्यासमोर टपालाची लाल व्हॅन आली. आमचा सारथी रिव्हर्स कुठवर घ्यावा या विचारात असतानाच त्या बाईंनी गाडी मागे घेतली. सरळ रेषेत, एका हाताने, मागे वळून बघत, मधल्या दोन वळणांसकट. आम्ही शेजारून गेलो तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. फक्त एक. तोच तिकडचा रामराम. आमच्या गाडीतून चौघांनी हात जोडून नमस्कार केला. पुढे आठवडाभर प्रत्येक गाडीला आम्ही नमस्कारच करत होतो आणि लोक हसून हात हलवायचे.

दगडफूल
आता माझा विषय. रानोमाळ, तुमच्या नावावरून सह्याद्रीत फिरणारे दिसता, म्हणून सांगतो. स्काय चुकवू नका, आणि फोटोसाठी नव्हे, दगडासाठी जा.

उत्तरेकडचा ट्रॉटर्निश भाग म्हणजे लाव्हाचे थरावर थर, साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचे. आपला दख्खनचा काळा पत्थर सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. भूशास्त्राच्या हिशेबात शेजारीच म्हणायचे. म्हणून क्विराइंगच्या रस्त्यावर उभं राहिल्यावर पायऱ्यापायऱ्यांचे कडे ओळखीचे वाटतात. फरक असा की तिथे या जड लाव्हाखाली जुरासिक काळातले मऊ थर आहेत. ते वजन पेलेना, म्हणून अख्खी कडाच घसरत गेली. ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा सुळका त्या घसरणीतून उरलेला, उंची साधारण ५० मीटर. क्विराइंगचा भाग अजून सरकतोय, रस्त्याची डागडुजी चालूच असते.

दक्षिणेला कूलिन डोंगर मात्र गॅब्रो नावाच्या दगडाचे. काळे, खरखरीत, बुटाला घट्ट धरणारे. तिथल्या कड्यांवर वाटाड्याशिवाय जाऊ नका. फेअरी पूल्स त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, तिथवर कुणीही चालत जाईल.

आणि उत्तरेला असिंटमध्ये दगड ३०० कोटी वर्षांपर्यंत जुने. नॉकन क्रॅगला जुना खडक नव्या खडकाच्या वर चढून बसलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात त्यावरून भूशास्त्रज्ञ दशकानुदशकं भांडले. शेवटी १९०७ मध्ये पीच आणि हॉर्न या दोघांचा अहवाल छापून आला आणि विषय मिटला.

स्टॅफा बेटावरची ती षट्कोनी खांबांची गुहा बघायला लोक मल (Mull) बेटावरून बोट करून जातात. जरूर जा. पण तसेच खांब अंधेरीत गिल्बर्ट हिलला आहेत, तिथे किती मुंबईकर जाऊन आलेत ते हात वर करा.

पिठलंभाकरी
अंधेरीत राहतो. हात खाली आहे.

तिरफळ
जून म्हणालात ना? मग मिजेसबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मच्छर म्हणू नका, मच्छर दिसतो तरी. हे टाचणीच्या टोकाएवढे किडे, मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत, ढगाळ, दमट आणि वारा पडलेल्या संध्याकाळी थव्याने येतात. वारा ताशी सात-आठ मैलांच्या वर असला की गायब. म्हणून मुक्कामाची जागा निवडताना उघड्यावरची, वारा खाणारी बघा. झाडीतलं पाण्याकाठचं टुमदार घर फोटोपुरतं ठीक. डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते, ती घ्या. चौघांनी जाळ्या घालून चहा प्यायला बसायचं म्हणजे मधमाश्या पाळणाऱ्यांचं संमेलन दिसतं, पण लाज सोडा.

खाण्याचं. शाकाहाऱ्याला काही त्रास नाही. हॅगिस हा मूळचा मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळतो, ओट्स, डाळी आणि मिरपूड, आपल्या जिभेला बरा लागतो. बेटांवर संध्याकाळी खानावळी लवकर बंद होतात आणि जागा आधी राखावी लागते, म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि फोर्ट विल्यमला सामान भरा. मासे खाणाऱ्यांची चंगळ. कलन स्किंक म्हणून धुरावलेल्या हॅडॉकचं दुधाळ सूप असतं, पावसात भिजून आल्यावर दोन वाट्या कमी पडतात.

एकच सावधगिरी. आम्ही बांगड्याच्या भावकीतलं मॅकरेल आणलं आणि मी मालवणी मसाल्यात तळायला घेतलं. तेल तापलं, लसूण पडली आणि धुराचा भोंगा सुरू झाला. एकजण टेबलावर चढून टॉवेलने वारा घालतोय, एकजण दारं उघडतोय, त्या उघड्या दारांतून मिजेस आत येतायत, आणि शेजारचे आजोबा कोटाखाली पायजमा अशा वेशात बघायला आले. त्यांना मासा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंडी आणून दिली.

कुंपणावरची
तिरफळ, फोडणी देताना मी अजूनही भोंग्याकडे बघून देते.

लायसन्सचं राहिलं. पर्यटक म्हणून आल्यावर भारतीय लायसन्सवर १२ महिने चालवता येतं. तरी भाड्याची गाडी देणारे कधी आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, तो आरटीओतून काढून ठेवा. वयाची अट आणि दुसऱ्या चालकाचे जादा पैसे आधी विचारा. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा. आपल्यासारखंच डावीकडून चालतं, त्यामुळे निम्मी भीती तिथेच संपते.

दारूचं काटेकोर पाळा. डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये ८०. रेडिंगवाल्या मित्राला 'एक पाइंट चालतो' ही सवय असेल तर मोडायला सांगा. व्हिस्कीच्या भट्ट्यांत चालकासाठी छोट्या बाटल्यांत घालून देतात, रात्री मुक्कामी घ्या. स्कायवर टॅलिस्कर १८३० पासून चालू आहे.

पावशेर
गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट. आमच्याकडून एका कंपनीने (नाव घेत नाही) आधीच्याच ओरखड्याचे पैसे कापले होते, व्हिडिओ दाखवल्यावर परत आले. टायर आणि काच विम्यात धरलेत का तेही विचारा. एकेरी रस्त्याची कड तुटकी असते.

इतिहासाचा_कीडा
थोडं अवांतर. इन्व्हर्नेसला जाणार असाल तर जवळच फोर्ट जॉर्ज आहे. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत हायलंडर्सचा बंडावा मोडल्यावर इंग्रज सरकारने तो बांधायला घेतला, १७६९ मध्ये पुरा झाला. तोफेला तोंड द्यायला बुटका, रुंद, कोनाकोनांचा. आपल्या गडांची सवय असलेल्याला आधी किल्ला कुठाय तेच कळत नाही.

मराठी माणसाने जायचं कारण वेगळं. ७८ वी हायलंडर्स पलटण १७९३ मध्ये इथेच उभी राहिली, तिच्यात लुईस बेटावरची बरीच पोरं होती. दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, ती जालना जिल्ह्यातल्या असईच्या रानात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाताखाली. ७४ वी ही दुसरी स्कॉटिश पलटण असई गावासमोरच्या तोफांच्या माऱ्यात जवळजवळ संपली. आपले गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, हटले नाहीत, हे इंग्रजांनीही लिहून ठेवलंय. त्या दिवसाबद्दल दोन्ही पलटणींना निशाणावर हत्ती लावायचा मान मिळाला. फोर्ट जॉर्जमध्ये हायलंडर्सचं संग्रहालय आहे, तिथे असईचं नाव आणि हत्ती शोधा.

आता बघा, ज्यांची स्वतःची गावं मेंढ्यांच्या कुरणांसाठी रिकामी केली जात होती तीच पोरं पगारासाठी आपल्याकडे लढायला आली. स्कायवर, हॅरिसवर फिरताना पडक्या दगडी घरांचे चौथरे दिसतील. ती बहुतेक त्याच हाकलपट्टीची खूण.

मधली_सुट्टी
कीडा, हे वाचून असईला आधी जावंसं वाटतंय. जालन्याहून जवळ आहे आणि मिजेस नाहीत.

नाममात्र
धागा स्कॉटलंडहून जालन्याला पोचला. रस्ता एकेरी होता का?

रानोमाळ
सगळ्यांचे आभार! चौघांनी मिळून वाचलं आणि काल फोनवर तासभर भांडलो. उत्तर किनारा आणि जॉन ओ'ग्रोट्स काढलंय. एनसी५००वाला रुसला होता, त्याला असिंट दिलं.

नवा बेत: पहिली रात्र ग्लेन्को, मग स्कायला मुक्काम, उइगहून हॅरिसच्या टार्बर्टची बोट, तिथे घर, शेवटी स्टॉर्नोवेहून अलापूल. तिथे एक रात्र, सूल्व्हेनला लांबून नमस्कार, आणि इन्व्हर्नेसवरून ए९ ने ग्लासगो. फोर्ट जॉर्ज जाताजाता. आता प्रश्न असा की स्कायला पुलाने जायचं की बोटीने? आणि हॅरिसला रविवार येतोय, तो चालेल का?

कुंपणावरची
आता माणसांचा बेत झाला. तरी मी असते तर स्काय आणि हॅरिस यांतलं एकच घेतलं असतं. पण चौघांना सांभाळायचंय तुम्हाला, मला नाही.

पूल १९९५ पासून आहे. आधी टोल होता, लोकांनी वर्षानुवर्षं तो द्यायला नकार दिला, कोर्टकचेऱ्या झाल्या, २००४ च्या डिसेंबरात रद्द झाला. पुलाने गेलात तर वाटेत आयलीन डोनन किल्ला. फोटोतला जुना वाटतो, पण आत्ता दिसतो तो विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे.

माझं ऐका, शील ब्रिजवरून डावीकडे वळून रॅटागनचा चढ चढा आणि ग्लेनेल्गहून छोट्या बोटीने पलीकडे जा. ईस्टर ते ऑक्टोबर चालते. एका वेळी सहा गाड्या. बोटीचं वरचं डेक फिरतं, जात्यासारखं, आणि ते फिरवतात माणसं, खांदा लावून. गाडी बाजूने चढते, मग अख्खं डेक वळवतात, पलीकडच्या धक्क्याला तोंड करून थांबतात. अशी हाताने फिरवायची गाड्यांची बोट जगात ही एकच उरलीय, १९६९ ची बांधणी. खाली पाण्याला केवढी ओढ असते! सील डोकी वर काढून बघत असतात. आधी आरक्षण लागत नाही, रांगेत उभं राहायचं.

तिरफळ
रविवारचं मी सांगतो. हॅरिस आणि लुईसला रविवार अजूनही पाळतात. बहुतेक दुकानं बंद, बरेचसे पंपही. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा धक्क्यावर काही लोक विरोधात प्रार्थना म्हणत उभे होते आणि काही टाळ्या वाजवायला. तर शनिवारी टाकी भरा, ब्रेड-दूध घ्या, आणि रविवारी लस्केन्टायरच्या वाळूवर चाला. पाणी असं हिरवंनिळं की फोटो घरी पाठवला तर अंदमान का म्हणतात. पाय घातलात की कळेल अंदमान नाही.

कॅलनिशच्या उभ्या शिळा लुईसला, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या. त्या रात्री साडेदहाला बघा, जूनमध्ये तेव्हाही उजेड असतो आणि बस गेलेल्या असतात. ट्वीड, म्हणजे तिथलं लोकरी कापड, घ्यायचं तर विणकराच्या शेडवर जा. १९९३ च्या कायद्यानुसार हॅरिस ट्वीड बेटकऱ्याने स्वतःच्या घरी विणलं असलं पाहिजे, आणि लोकर रंगवणं-कातणंही त्याच बेटांवर. माग पायाने चालवतात, खडखडाट बाहेर रस्त्यावर ऐकू येतो, त्यावरून शेड शोधायचं.

दगडफूल
आणि त्या आठच्या आत न उठणाऱ्याला सांगा, स्टॉरची वाहनतळाची जागा उन्हाळ्यात सकाळीच भरते. पण जूनमध्ये संध्याकाळी सातनंतर चढलात तरी उतरायला उजेड असतो, आणि गर्दी उतरलेली असते. तुमचा मित्र नकळत शहाणा निघाला.

रानोमाळ
त्याला धागा दाखवला. तो म्हणतोय दगडफूल यांना माझ्याकडून टॅलिस्कर.

आत्ता बोटीचं बुकिंग करायला बसलोय. गाडी नेण्याचे सकाळचे सगळे स्लॉट भरलेत, दुपारचा मिळतोय. माणसांच्या जागा कितीही आहेत.

कुंपणावरची
दुपारचा घे, विचार करत बसू नकोस, तोही जाईल. मुक्काम बोटीच्या वेळेवरून ठरव, बोट मुक्कामावरून नव्हे. वारा जोरात असेल तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी स्टॉर्नोवेची बोट ठेवू नकोस, तू अलापूलची रात्र मध्ये ठेवलीयस ते बरं केलंस. आणि गाडीची लांबी-उंची विचारतात. छतावर सामानाची पेटी लावणार असाल तर ती धरून उंची टाक.